पहिली गोधडी: एका जुन्या साडीचं दुपटं, आणि मग मोठी

टाके वाकडेतिकडे पडले म्हणून गोधडी वाया जात नाही. वाकड्या टाक्यांच्या गोधड्या लोकांच्या घरात वर्षानुवर्षं अंगावर आहेत. पहिली गोधडी बिघडते ती बहुतेक वेळा सुई हातात घेण्याआधीच. कापड चुकीचं निवडलेलं असतं, ते धुतलेलं नसतं, किंवा थर एकावर एक टाकून, नीट न टाचता शिवायला घेतलेलं असतं. म्हणून खाली शिवणापेक्षा तयारीवर जास्त लिहिलं आहे.

सुरुवात मोठ्या गोधडीने करू नका. ३६ बाय ४२ इंचाचं, चार थरांचं दुपटं करा. एका सहावारी साडीत ते होतं, मांडीवर मावतं आणि चुकलं तर उसवून पुन्हा टाचायला जीव जात नाही. रोज तासभर बसलात तर दोन आठवड्यांत हातावेगळं होतं.

कापड

सुती हवं, वापरलेलं हवं, पण जीव असलेलं हवं. दहा-बारा धुण्यांतून गेलेली साडी नव्यापेक्षा चांगली, कारण तिची खळ गेलेली असते, ती जेवढी आटायची तेवढी आटलेली असते आणि तिचा रंग जायचा तेवढा गेलेला असतो. जीव आहे की नाही हे बघायला कापड दोन्ही अंगठ्यांमध्ये धरून आडवं ताणा. लगेच विरलं किंवा टर्रकन फाटलं तर ते वरच्या-खालच्या थराला नको. मधल्या थरात चालेल.

साडी सुती आहे की मिश्र, हे दुकानदाराच्या किंवा आईच्या सांगण्यावर सोडू नका. कडेचा दोन इंच धागा काढून वाटीवर धरून पेटवा. सुती धागा कागदासारख्या वासाने जळतो आणि मऊ राख उरते. पॉलिस्टर वितळतं आणि त्याचा कडक मणी होतो. मिश्र कापडाने गोधडी बनत नाही असं नाही, पण ते घाम शोषत नाही, थर एकमेकांवरून सरकतात आणि अंगाला गोधडीचा मऊपणा येत नाही. टी-शर्टचं होजियरी कापड ताणलं जातं, त्यामुळे तेही बाजूला ठेवा. जीन्सही नको, हाताने शिवताना सुई त्यातून जात नाही.

साडी निवडली की आधी तिचा फॉल उसवा. हे हमखास विसरलं जातं, आणि मग एका कडेला दुहेरी जाडी येऊन सुई अडते. पिकोची कड कापून टाका. जरीचे काठही कापा. जर अंगाला टोचते, शिवाय सुईचं टोक तिच्यात अडकून धागे ओढले जातात. काठ फारच आवडता असेल तर तो नंतर वरून पट्टी म्हणून लावा, थरांमध्ये नको.

नवं कापड वापरणार असाल, उदाहरणार्थ खालच्या थराला मांजरपाट किंवा गोटाला, म्हणजे कडेच्या पट्टीला, ब्लाउजपीस, तर ते कोमट पाण्यात दोन तास भिजवून, धुऊन, वाळवून मगच घ्या. खळीचं नवं कापड पहिल्या धुण्यात आटतं. जुनी साडी आटत नाही. मग गोधडी कडेने गोळा होते आणि मध्ये फुगते, आणि यावर नंतर इलाज नाही. लाल, मरून, गडद निळं कापड असेल तर ओल्या पांढऱ्या फडक्याने चोळून बघा. फडकं रंगलं तर ते कापड पांढऱ्याशेजारी लावू नका. मिठाच्या पाण्याने रंग पक्का होतो असं सगळे सांगतात, पण त्यावर विसंबून दुपटं पणाला लावू नका.

बाकीचं सामान

लांब नेढ्याची, दीड ते दोन इंचांची सुई. भरतकामाची साधी सुई चालते, नेढं मोठं असल्याने जाड दोरा पटकन ओवला जातो. दाभण नको, ते पोती शिवायचं हत्यार. त्याने पडलेलं भोक जुन्या साडीत तसंच राहतं आणि पुढे तिथूनच चीर जाते.

दोरा जाड आणि सुती. शिवणाचं सामान मिळतं तिथे गोधडीचा दोरा म्हणून मागितला तर बऱ्याच ठिकाणी रीळ किंवा गुंडी मिळते. नाहीच मिळाला तर भरतकामाच्या लडीतले सहापैकी तीन पदर एकत्र घ्या. मशीनचा पॉलिस्टर दोरा मजबूत असतो, पण इथे तोच त्याचा दोष ठरतो. ताण आला की दोरा तुटत नाही, कापड कापलं जातं. तुटलेला टाका पुन्हा घालता येतो, कापलेल्या कापडाला ठिगळच लावावं लागतं.

दोरा किती लागेल याचा हिशोब सोपा आहे. लांबी गुणिले रुंदी इंचांत, भागिले ओळींमधलं अंतर, भागिले ३९: एवढे मीटर. त्यात पाचवा हिस्सा गाठी आणि टाक्यांच्या वर-खाली जाण्यासाठी वाढवा. आपलं दुपटं एक इंच अंतराने शिवलं तर साधारण ३९ मीटर, म्हणजे ५० मीटर दोरा घ्या. अर्ध्या इंचाने शिवलं तर १०० मीटर. सगळा दोरा एकदमच आणा. पांढऱ्यातही चार पांढरे असतात, आणि मध्येच बदललेला दोरा लांबूनही ओळखू येतो.

याशिवाय मधल्या बोटाला अंगुस्तान (सुई ढकलायची टोपी), ४० ते ५० सेफ्टी पिना, शिंप्याचा खडू, मोठी पट्टी, मेणाचा तुकडा, धारदार कात्री. अंगुस्तान पहिल्या दिवशी अडचणीचं वाटतं आणि सगळे काढून ठेवतात. तिसऱ्या दिवशी बोटाला सुईच्या मागच्या टोकाने खळगा पडतो. पहिल्यापासूनच घाला. पिना मोजून घ्या आणि आकडा लिहून ठेवा, शेवटी त्याची गरज लागणार आहे.

कापणं

सहावारी साडी सव्वापाच ते साडेपाच मीटर, म्हणजे अंदाजे २१० इंच. जाड पदर सोडला तर हाताशी १८० इंच उरतात. त्यातून प्रत्येकी ४४ इंच लांबीचे चार तुकडे काढा. काठ कापून रुंदी ४० ते ४१ इंच उरते. हे ३६ बाय ४२ पेक्षा थोडं जास्त आहे आणि तसंच हवं, कारण शिवता शिवता थर थोडे सरकतात आणि शेवटी कडा सारख्या कापाव्या लागतात.

कात्रीने कापण्यापेक्षा एक इंच चीर देऊन कापड फाडलं तर ते धाग्याला धरून सरळ जातं. साडी जास्त विरलेली असेल तर चीर तिरकी पळते. अशा वेळी एक आडवा धागा हलकेच ओढून काढा, त्याची रेघ उमटते, तिच्यावरून कापा. चारही तुकड्यांचे उभे धागे एकाच दिशेला आले पाहिजेत. एखादा तुकडा उरेप, म्हणजे तिरका, बसला तर तो थर ताणला जातो आणि गोधडी धुतल्यावर तिरकी होते.

वरच्या थराला ठिगळांची नक्षी करायची हौस असेल तर साडेसहा इंचाचे ४२ चौकोन कापा, पाव इंच शिवण धरून जोडा: आडवे सहा, उभे सात. नेमका ३६ बाय ४२ चा पट तयार होतो, आणि फक्त शिवणीपुरती पाव इंच कड जास्त राहते. मग बाकीचे थर त्याच्यापेक्षा मोठेच ठेवायचे. पण पहिल्याच वेळी हे नको. त्यापेक्षा वरच्या थराला चौकडीचं कापड घ्या. जुनी चौकडीची लुंगी असेल तर उत्तमच. चौकडीच्या रेघा आयत्या मिळतात, खडूने आखणी करावी लागत नाही, आणि ओळी सरळ येतात.

थर लावणं आणि टाचणं

इथे घाई केलेली पुढे प्रत्येक टाक्यात भोवते.

प्रत्येक तुकडा इस्त्री करा. पावसाळ्यात तर नक्कीच, कारण कपाटातलं कापडही दमट असतं, आणि दमट थर आत बंद झाले की वास येतो. फरशी पुसून कोरडी करा. खाली सतरंजी टाकू नका, पिना तिच्यासकट टाचल्या जातात.

सगळ्यात खालचा तुकडा चांगली बाजू फरशीकडे करून अंथरा. चारही कडा चिकटपट्टीने फरशीला चिकटवा. कापड ताठ हवं, ताणलेलं नको. ताणून चिकटवलं तर पट्टी काढल्यावर ते आक्रसतं आणि वरच्या थरांना चुण्या पडतात. त्यावर मधले दोन थर एकेक करून टाका. प्रत्येक थर मध्यापासून कडेकडे तळव्याने निपटत न्या. शेवटी वरचा थर, चांगली बाजू वर.

आता मध्यापासून सुरुवात करून दर वीतभर अंतरावर सेफ्टी पिन लावा. मग दोरा घालून कच्चे टाके: दोन-अडीच इंच लांब, मध्यातून उभी एक ओळ, मध्यातूनच आडवी एक ओळ, आणि पुढे दर पाच-सहा इंचांवर दोन्ही दिशांनी जाळी. हा दोरा वेगळ्या रंगाचा आणि हलका घ्या, नंतर ओढून काढायचा आहे. कच्चे टाके झाले की पिना काढून मोजा.

पिना असताना कच्चे टाके कशाला, असं वाटतं. कारण असं की सुई प्रत्येक टाक्याला वरचं कापड केसभर पुढे ढकलते. एका टाक्यात ते दिसत नाही. चाळीस इंचांच्या ओळीत शंभराच्या आसपास टाके पडतात, आणि ओळीच्या शेवटी वरच्या थराचा चांगला अर्धा इंच झोळ गोळा होतो. पिना फक्त बिंदूवर धरतात, दोन पिनांच्या मधलं कापड मोकळंच असतं. कच्च्या टाक्यांची जाळी हा झोळ जागच्या जागी वाटून टाकते. टाचून झालं की दुपटं उचलून झटका. थर एकमेकांपासून सुटून लोंबले तर आणखी ओळी घाला.

धावदोरा

दोरा दोन हात लांब तोडा, जास्त नको. लांब दोरा गुंततो आणि नेढ्यातून घासून घासून शेवटी पिंजतो. मेणाच्या तुकड्यावरून एकदा ओढून घ्या. एकेरीच ओवा. शेवटी लहान गाठ मारून सुई वरच्या थरातून, सुरुवातीच्या जागेपासून इंचभर दूर आत घाला, सुरुवातीच्या जागी बाहेर काढा आणि हलका झटका द्या. गाठ टक् करून आत जाते आणि थरांमध्ये लपते.

शिवण मध्यापासून सुरू करा. मधली उभी ओळ आधी, मग तिच्या उजवीकडे एक, डावीकडे एक, असं कडेपर्यंत. आपल्याकडच्या जुन्या गोधड्या बहुतेक कडेपासून आत, चौकटीत चौकट अशा शिवलेल्या असतात आणि त्या दिसतातही फार देखण्या. पण त्या पद्धतीत सगळा झोळ आत ढकलला जातो आणि नवख्या हाताला मध्यावर फुगवटा मिळतो. उत्तर कर्नाटकातले आफ्रिकी वंशाचे सिद्दी लोक कवंद, म्हणजे त्यांची ठिगळांची गोधडी, शिवताना कोपऱ्यापासून सुरू करून कडेकडेने, घड्याळाच्या उलट दिशेने आत येतात. पण ते ठिगळं शिवता शिवताच लावत जातात, त्यामुळे वरचं कापड साठून राहायला जागाच नसते. आपण अख्खा थर वर टाकला आहे, म्हणून मध्यापासून.

उजव्या हाताने शिवत असाल तर डावा तळवा दुपट्याखाली ठेवा. सुईचं टोक डाव्या तर्जनीला जेमतेम लागलं की समजायचं चारही थर पार झाले, मग टोक वर वळवायचं. सुईवर एका वेळी तीन-चार टाके घ्यायचे आणि मग अंगुस्तानाने ढकलून दोरा ओढायचा. टाका पाव इंचाच्या आसपास. त्याहून बारीक असेल तर कौतुक, पण गरज नाही. अर्ध्या इंचाच्या वर मात्र जाऊ देऊ नका. असे टाके पायाच्या बोटांत, जोडव्यांत, बाळाच्या नखांत अडकतात, आणि एक टाका ओढला गेला की ती ओळ चुणते.

प्रत्येक ओळीनंतर उलटून बघा. मागे टाका दिसत नसेल तर तिथे खालचा थर सुटला आहे. आत्ता उसवायला पाच मिनिटं लागतात, आणखी दहा ओळींनंतर कोणी उसवत नाही.

दोरा संपत आला की ओळीच्या दोन्ही टोकांना धरून कापड हलकेच ताणा. कटकट आवाज आला किंवा ओळ चुणलेली दिसली तर दोरा जास्त ओढला आहे. नखाने टाके मागे सरकवत तो सैल करा. शेवटी जागच्या जागी दोन उलटे टाके घ्या, सुई इंचभर थरांमधून नेऊन बाहेर काढा आणि दोरा कापडालगत तोडा. गाठ वर ठेवू नका, ती धुण्यात सुटते.

नवख्या हाताला तासाला तीन-चार ओळी होतात. एका बैठकीत त्यापेक्षा जास्त शिवू नका. मान आणि अंगठ्याचा सांधा आधी बोलतो, आणि थकलेल्या हाताचे टाके लांबत जातात. उठताना सुई कापडात खोचून ठेवण्याची सवय पावसाळ्यात महागात पडते. जुलैच्या हवेत दोन-तीन दिवसांत सुईला गंज धरतो आणि कापडावर तपकिरी ठिपका उमटतो, तो जात नाही. सुई कोरड्या डबीत ठेवा.

ओळींचं अंतर किती ठेवायचं? पहिल्याला एक इंच पुरे. दाट शिवलेली गोधडी दिसायला श्रीमंत आणि टिकायला घट्ट, पण थरांमधली हवा दाबली गेल्याने ती पातळ आणि थोडी ताठ होते. ऊब त्या हवेतूनच येते. दुकानांत भारी किमतीला मिळणाऱ्या, पाव इंचावर ओळी असलेल्या गोधड्या भिंतीवर टांगायला छान.

गोट

सगळ्या ओळी झाल्या की कच्चे टाके ओढून काढा. दुपटं अंथरून पट्टीने ३६ बाय ४२ ची चौकट आखा. काटकोन पुस्तकाच्या कोपऱ्याने तपासा आणि जास्तीचं कापा.

गोटाला ठळक रंगाचं सुती कापड, अडीच इंच रुंदीच्या पाच पट्ट्या, एकमेकींना जोडून. चार कडा मिळून १५६ इंच होतात, वर दहा इंच वळवायला. पट्टी उभी दुमडून इस्त्री करा. आधी दोन लांब बाजू: पट्टीची उघडी कड दुपट्याच्या कडेला जुळवून, वरच्या बाजूने पाव इंच आत शिवा, मग दुमड मागे वळवून बारीक टाक्यांनी हेमिंग करा. मग दोन आखूड बाजू, टोकं अर्धा इंच आत वळवून. कोपरा तिरका मोडायच्या भानगडीत पहिल्यांदा पडू नका, असा सरळ कोपरा मजबूतच असतो. हा भाग मशीनवर केला तरी हरकत नाही, हेमिंग मात्र हातानेच. हौस असेल तर कोपऱ्यांवर कापडाची त्रिकोणी घडी करून टाचता येते. सिद्दींच्या कवंदाला अशी फुलं असतातच, त्यांच्याशिवाय ते पुरं झालं असं धरत नाहीत.

शेवटी पिना आणि सुया पुन्हा मोजा. एक कमी भरली तर सापडेपर्यंत दुपटं बाळाजवळ न्यायचं नाही. लोहचुंबक सगळ्या पृष्ठभागावरून फिरवला की थरात अडकलेलीही हाती लागते.

धुणं आणि ठेवणं

शिवायला पावसाळा चांगला, धुवायला वाईट. वरून हाताला कोरडी लागलेली गोधडी आतल्या थरांत दिवसभर ओली असते, आणि तशीच घडी घातली की काळे ठिपके धरतात. शक्य असेल तर पहिलं मोठं धुणं ऑक्टोबरच्या उन्हाला ठेवा. थंड पाणी, थोडी पावडर, पिळायचं नाही, दाबून पाणी काढायचं. एका दोरीवर चिमट्यांनी लटकवू नका. ओली गोधडी कोरडीच्या दुपटीहून जड होते आणि जुनी साडी त्या वजनाने चिमट्यापाशी फाटते. दोन दोऱ्यांवर किंवा खाटेवर आडवी पसरा आणि दुपारी उलटा. वाळली की नाही हे बघायला जाड भाग चिमटीत धरून गालाला लावा, गार लागला तर अजून ओली आहे.

धुतल्यावर ओळींच्या मध्ये बारीक सुरकुत्या उमटतात. तो दोष नाही, इस्त्रीने घालवायला जाऊ नका.

ठेवताना प्लास्टिकच्या पिशवीत नको, जुन्या सुती चादरीत गुंडाळा. वाळवलेला कडुनिंबाचा पाला चालतो. बाळाच्या दुपट्यात डांबरगोळ्या अजिबात नकोत, त्यांची वाफ तान्ह्यांना घातक असते.

मग मोठी

एका माणसाच्या मोठ्या गोधडीला साधारण ६६ बाय ८८ इंच लागतात. साडीचा पन्हा तेवढा नसतो, म्हणून ७० इंचांचे दोन तुकडे कडेला कड जोडून एक थर होतो. सहावारीचे असे तीन तुकडे निघतात, पण त्यासाठी पदरही धरावा लागतो आणि काठ न कापता ठेवावे लागतात, तेव्हा बिनजरीच्या साड्या बघा. चार थरांना आठ तुकडे, म्हणजे तीन साड्या आणि एक तुकडा शिल्लक. नऊवारी हाताशी असेल तर तिच्या चार तुकड्यांत दोन थर निघतात. जोडाची शिवण सगळ्या थरांत एकाच जागी येऊ देऊ नका, एखादा थर दोन-तीन इंच सरकवून टाका, नाहीतर मध्यावर वरंबा तयार होतो. दोरा इंचाच्या ओळींना १८० मीटर.

कोकणात आणि मुंबईत चार थर पुरतात. निफाडसारख्या थंडीला सहा घ्या. त्यापुढे सुई ढकलताना मनगट भरून येतं आणि टाके आपोआप मोठे पडतात, तेव्हा सात-आठ थरांचा मोह टाळा आणि दोन वेगळ्या गोधड्या करा.

मोठी गोधडी दोघी-तिघींनी मिळून शिवायची असेल तर टाचून झाल्यावर मधली ओळ एकीने घालावी, आणि मग दोघींनी तिच्या दोन्ही अंगांना बसून आपापल्या कडेकडे जावं. प्रत्येकीचा ओढ वेगळा असतो. एकाच अर्ध्यात दोन हात पडले की एक ओळ घट्ट, एक सैल असं होऊन मधलं कापड उचललं जातं. तिसरीने सुया ओवून द्याव्यात.